अर्धं आम्ही, अर्धं तुम्ही

दुकानात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते स्वतःहून चालत येतात. आमच्याकडे तर मळूनच येतात. लातुरात आमचं पंपाचं आणि प्रेशर वॉशरचं दुकान आहे. दुकान अण्णांचं, पाण्याची गन माझ्या हातात. अकरा वर्षं मी लोकांना धुऊन दाखवतोय. म्हणजे त्यांच्या वस्तू.

अण्णांचा नियम एकच होता. गिऱ्हाइकानं घरातली मळकी वस्तू आणायची आणि आम्ही ती अर्धीच धुऊन द्यायची. दारावर तशी पाटीच होती: ‘अर्धं आम्ही, अर्धं तुम्ही’. अण्णांचं म्हणणं, अर्धी स्वच्छ वस्तू डोळ्यांसमोर असली की माणसाला चैन पडत नाही. तो मशीन विकत न्यायला येतो आणि उरलेलं घरी धुतो.

शेजारचे गादीवाले शेखचाचा त्यांना रोज डिवचायचे. “अण्णा, कुणी अर्धं तसंच ठेवलं तर?”

“त्या दिवशी पाटी उतरवतो,” अण्णा म्हणायचे. हे ते चहाच्या टपरीवर दहा जणांसमोर बोलून बसले होते, त्यामुळे आता माघार नव्हती.

*

उदगीरचा एक जण कार घेऊन आला. मी डावी बाजू धुऊन दिली. तो “बघतो” म्हणून गेला आणि चौथ्या दिवशी परत आला.

“आता उजवी दाखवा. मग ठरवतो.”

“मशीन तीच हाय की,” अण्णा म्हणाले.

“मशीन तीच हाय, बाजू दुसरी हाय ना!”

अण्णा बधले नाहीत. दोन दिवसांनी त्यानं मुकाट्यानं मशीन नेली. बायको मळक्या बाजूनं गाडीत बसायला तयार नव्हती, आणि चांगल्या बाजूला स्टिअरिंग होतं... नाही, चुकलो. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे मळक्या बाजूला. बायको धुतलेल्या बाजूनंच बसत होती आणि गावभर सांगत होती की ह्यांची बाजू बघा. शेवटी त्यालाच लाज वाटली.

*

लातुरात कुणी मशीन किती जोरात मारते हे आधी विचारत नाही. नळ आठ-आठ दिवसांनी येतो, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला असतो: “पाणी किती पिती?”

त्यासाठी अण्णा बादली मांडतात. एक मिनिट मशीन, एक मिनिट साधा पाइप, आणि मग दोन्ही बादल्या शेजारी ठेवतात. पाइपची बादली भरून वाहते, मशीनची अर्ध्यावर राहते. बोलायची गरज पडत नाही.

निलंग्याच्या एक बाई मात्र स्वतःची बादली घेऊन आल्या. “दुकानातली बादली मोठी असती, आमचीच भरा.” भरली. त्यांना पटलं, मशीन घेतली. जाताना दोन्ही बादल्यांतलं पाणी कॅनमध्ये ओतून घेऊन गेल्या. अण्णा कॅनचं झाकण धरून उभे होते.

*

घरासाठी मशीन घेताना अण्णा सगळ्यांना एकच सांगतात: बार, म्हणजे प्रेशरचा आकडा, बघू नका, पाइपची लांबी बघा. गाडी, फरशी आणि गेटला छोटी मशीन पुरते.

कंधारच्या एका ठेकेदाराला ते पटलं नाही. “सगळ्यात जास्त बारची द्या. आपलं काम लई मोठं असतंय.” तो मोठी घेऊन गेला आणि घराच्या भिंतीवर मारली. धुळीबरोबर रंग गेला, रंगाखालचा रंगही गेला, आणि अर्ध्या भिंतीवर त्याच्या वडिलांच्या वेळचा निळा वर आला.

तो भांडायला आला तेव्हा बायको सोबत होती. तो आवाज चढवायच्या आत ती म्हणाली, “दहा वर्षं झाली, मी ह्यांना निळा लावा म्हणून सांगून राहिले. उरलेली भिंत पण अशीच काढायची का, तेवढं सांगा.”

चाचांनी त्या दिवशी अण्णांना चहा पाजला.

*

औशाचे गायकवाड सर टेम्पोत एक लाल मोपेड घालून आले. निवृत्त शिक्षक, बोलणं मोजकं. मोपेड त्यांच्या मिसेसची. त्या सरकारी नर्स होत्या, वीस वर्षं ह्याच गाडीवर खेडी फिरल्या आणि आदल्या पावसाळ्यात अचानक गेल्या. तेव्हाचा काळा चिखल गाडीवर तसाच वाळला होता.

“पोरगी नांदेडला असती. ती म्हणती, पप्पा, गाडी धुवा आणि विकून टाका. ती बघितली की तुम्ही जेवत नाही.”

मी डावी बाजू धुतली. लाल रंग नव्यासारखा निघाला. सरांनी पाठ फिरवली.

“उजवी पण करून टाका,” ते म्हणाले. “घरी मला जमायचं न्हाई.”

मी गन उचलली. अण्णांनी मशीन बंद केली. “नियम हाय, सर. उजवी घरी.”

मला अण्णांचा राग आला. खरंच आला. सरांनी वाद घातला नाही. छोटी मशीन घेतली आणि गाडी परत टेम्पोत चढवली.

वर्षभरानं मशीनच्या सर्व्हिसिंगसाठी मी आणि अण्णा औशाला गेलो. अंगणातली फरशी लख्ख, गेट लख्ख, कुंड्यासुद्धा धुतलेल्या. पडवीत मोपेड उभी होती. डावी बाजू चकचकीत, उजवीवर चिखल तसाच.

“सर, हे राहिलं की,” अण्णा म्हणाले.

“न्हाई,” सर म्हणाले. “झालंय ते.”

अण्णा गाडीच्या पलीकडं गेले, मीही गेलो. स्टँडवर चढवताना मागून जिथं हात धरतात, तिथं वाळलेल्या चिखलात चार बोटं उमटलेली होती. बारीक बोटं.

सरांनी आम्हाला जेवूनच जायला लावलं. स्वतःही आमच्याबरोबर बसले आणि दोनदा भाजी मागून घेतली.

लातूरला आलो तसे अण्णा दुकानाशी उतरले, आतून स्टूल आणलं आणि पाटीचे खिळे काढायला लागले. चाचा गाद्या सोडून बाहेर आले. अण्णांच्या तोंडाकडं बघितलं, आणि स्टूल धरून उभे राहिले.