हारवाल्या मावशीचे चार खिळे

मित्रहो, अमरावतीच्या भाजीबाजाराजवळच्या भिंतीवरचं माझं चित्र आज पूर्ण झालं. फोटो टाकणार होतो, पण हात धजेना.

चित्र त्याच भिंतीशी हार विकणाऱ्या मावशीचं आहे. रंगवण्याआधी तिचे हार टांगायचे चार खिळे मीच उपटले, वर पुट्टी भरली. तिला विचारलंसुद्धा नाही.

आज ती ओले हार खांद्यावर घेऊन उभी होती.

"माह्यं चित्र लय मस्त काढलं भाऊ! पण आता हार कुठी टांगू?"

"इथंच ठोका खिळे, मावशी."

"नाई भाऊ, तुमची मेहनत खराब होईन."

चित्रातले हार मी रंगवलेल्या खिळ्यांवरच टांगलेत हो! उद्या हातोडी घेऊन जातोय. चित्राला भोक पडलं, तर तुम्ही हळहळाल का?