पुटचं शेपूट

लिही गं. आमच्या वन्सं, म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण, हॉटेलात खोल्या साफ करायच्या. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण कामापुरतं इंग्रजी एकदम पक्कं. मलाही शिकवायच्या. "अगं, पुटचा जीव शेपटात असतो. पुट ऑन म्हणजे अंगात घाल, पुट आउट म्हणजे विझव, पुट अवे म्हणजे जागेवर ठेव. आणि थ्रो अवे म्हणजे गेलं कचऱ्यात!"

एकदा एक म्हातारा पाहुणा खोली सोडून गेला आणि मागे बेसिनवर राहिला पेला. गढूळ पाणी, वर साय धरलेली, तळाशी त्याची कवळी. फटीत अन्न तसंच. शी! वन्संनी सुपरवायझरला बोलावून दाखवलं, काय करू म्हणून विचारलं.

"थ्रो अवे," तो नाक दाबून म्हणाला.

"थ्रो का पुट, साहेब?"

"थ्रो, थ्रो! कान फुटलेत का तुझे?"

त्यांनी फेकली.

दुपारी म्हातारा बोळकं तोंड घेऊन परत हजर. मॅनेजरसमोर त्या मेल्या सुपरवायझरनं सरळ हात झटकले. "मी पुट अवे म्हणालो होतो. या अडाणी बाईला फरक कुठला कळायला!"

मग काय, मागच्या दाराचा कचऱ्याचा ड्रम. वन्संनी कोपरापर्यंत हात घातले. नासकं दूध, केसांची गुंतवळं, बुळबुळीत काहीबाही. सुपरवायझर लांब उभा, तोंडाला रुमाल. सापडली एकदाची. साबणानं धुऊन दिली, तर म्हाताऱ्यानं तिथंच तोंडात कोंबली आणि चालायला लागला. थँक्यूसुद्धा नाही.

मॅनेजरनं कागद वाचून दाखवला. 'मला इंग्रजी कळत नाही, म्हणून चूक झाली.' अंगठा दिला तर नोकरी राहणार.

सुपरवायझरच्या तोंडात लगेच साखर. "द्या हो मावशी, कोण वाचतंय तो कागद!"

सकाळी कान फुटलेली, आता मावशी!

वन्सं म्हणाल्या, "अंगठा बरबटलाय माझा. पण तुमचा कागद त्याहून घाण आहे. कळत होतं, म्हणूनच दोनदा विचारलं."

गेली नोकरी. घरी येऊन किती वेळ हात घासत होत्या. जेवल्याही नाहीत. मी म्हटलं, "वन्सं, गेला हो वास."

तर म्हणाल्या, "ड्रमचा गेला गं. त्याच्या मावशी म्हणण्याचा जात नाही."