उसना बाप

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण एका मूर्खपणाला तोड नाही. मी एका पोरीला एका सकाळपुरता बाप आणून दिला. तोही लग्नाच्या बँडमधला, लाल कोटातला. नातवंडांना हे सांगितलं की ती पोट धरून हसतात. मीही बँडवाल्याची नक्कल करून दाखवते. त्यापुढचं सांगत नाही. ते इथं लिहिते.

नव्वदनंतरची, पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आमचे हे यार्डात नोकरीला आणि मी घरी शिवणकाम करायची. गावातल्या तीन-चार शाळांचे गणवेश माझ्याकडं यायचे. मे महिना लागला की घरात पाय ठेवायला जागा नसायची. निळे फ्रॉक, पांढरे सदरे, खाकी चड्ड्या. तेव्हाची मी म्हणजे गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि नाक वर. दुकानाची पाटीसुद्धा नव्हती, पण तोरा असा की जणू सगळ्या दौंडची अब्रू मीच झाकतेय.

त्या पोरीची आई स्टेशनवर पेरू विकायची. गाडी लागली की डोक्यावर टोपली घेऊन खिडक्या-खिडक्यांशी पळायची. एका पावसाळ्यात तापानं सरकारी दवाखान्यात गेली ती परत आली नाही. बापाचा पत्ता कुणालाच नव्हता. पोर पार्सल ऑफिसच्या आडोशाला राहू लागली आणि हमाल तिला आपल्यातली भाकरी द्यायचे. मी तिला घरी आणलं. क्वार्टरमधल्या बायकांनी माझं फार कौतुक केलं. ते मी गोड मानून घेतलं आणि पोरीच्या हातात सुई दिली.

सहा-सात वर्षांची असेल. बटणं लावायची, हूक बसवायची, दोरे कापायची. माझ्या दोन मुलांच्या ताटात जे असायचं तेच तिच्या ताटात, हे मी छातीठोक सांगते. ताट मात्र वेगळं होतं. तांब्याही वेगळा होता. कुणाची, कुठली, माहीत नव्हतं म्हणून. माहीत असतं तर उंबऱ्याच्या आत घेतली असती की नाही, देव जाणे.

तिचा आणखी एक उपयोग मी शोधून काढला होता. पहिली-दुसरीच्या मुलींचा फ्रॉक शिवून झाला की तो तिच्या अंगावर चढवून बघायचा. खांदा बरोबर बसला का, घेर कुठं उचलला जातो का, ते बघून काढून घ्यायचा. दौंडमधल्या झाडून सगळ्या शाळांचे गणवेश त्या पोरीनं घातले होते, प्रत्येक एखादं मिनिट.

एका दुपारी नगरपालिकेच्या शाळेचा फ्रॉक घातला आणि काढेना. दोन्ही हात काखेत घट्ट धरून उभी राहिली. मी रागावले, मग लाडीगोडी लावली. तर म्हणते कशी, "मावशी, ह्यो मळला तर दुसरीला देता यायचा न्हाई ना?" आणि सरळ शेगडीजवळच्या कोळशाच्या बादलीत जाऊन बसली.

मी स्वतःला बिलंदर समजायची. ही माझ्याही वरताण निघाली. पाठीत एक धपाटा घातला, पण तिचंच खरं होतं. तो फ्रॉक आता कुणाला देता आला नसता. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हिला शाळेत घालावं. शाळा अर्धा दिवस, दुपारनंतर बटणं लावायला ती मोकळी. वर आणखी कौतुक होईल ते वेगळंच. मला पुण्य हवं होतं, फक्त ते स्वस्तात हवं होतं.

शाळा उघडली त्या दिवशी तिला घेऊन गेले. पोरीनं आदल्या दिवसापासून उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायची तालीम केली होती. हात कानाला पोचला की पोर पहिलीला बसायची, तेव्हाची ती परीक्षाच. मुख्याध्यापिकेच्या टेबलापुढं ही गर्दी. मोठ्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "बाप कुठंय?" मी म्हटलं, कामावर आहे. "मग उद्या बापाला घेऊन या," म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडं वळल्या. एक शब्द जास्त न विचारता मी निघाले. ब्लाउजचा गळा किती खोल, हे गिऱ्हाइकाला दहादा विचारणारी मी, तिथं मुकी झाले.

आमच्या ह्यांना उभं करता आलं असतं. पण मग पोरीला आमचं आडनाव लागलं असतं. मी न्हावऱ्याच्या बागायतदारांची लेक, आडनावाला फार जपायची. सासरच्या त्या आडनावात होतं काय? अर्धा एकर पडीक आणि भाऊबंदकीची एक केस. तरी जपायची.

तेवढ्यात तो बँडवाला आला. क्लॅरिनेट वाजवायचा. त्याच्या कोटाची सोनेरी जर उसवली होती. चाळिशीचा, सभ्य, खाली बघून बोलणारा माणूस. मी त्याला अडचण सांगितली आणि म्हटलं, नवी जर लावून देते, उद्या सकाळी एवढं शाळेत येऊन बाप म्हणून सही करा.

तो म्हणाला, "ताई, खोटं हुईल की वं."

"पोरीच्या भल्याचं खोटं खोटं नसतं," मी म्हटलं. असली वाक्यं तेव्हा माझ्या जिभेवर तयार असायची.

पोरीला काय सांगितलं? सांगितलं, उद्या तुझा बाप येणार आहे. समजावून सांगायला वेळ कुणाला होता? समोर कापडाचा ढीग पडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या लग्नाची सुपारी होती म्हणून तो पूर्ण पोशाखातच आला. लाल कोट, माझी नवी जर, डोक्यावर तुऱ्याची टोपी, काखेत क्लॅरिनेट. मोठ्या बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "वाजवता वाटतं तुम्ही?" त्याला वाटलं, पुरावा मागताहेत. "वाजवून दाखवू का?" म्हणाला. सगळी खोली हसली. नातवंडं इथंच हसतात.

जन्मतारीख विचारली तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघू लागलो. बाईंनी एक जून लिहून टाकली. तेव्हा अर्धा तालुका एक जूनलाच जन्मायचा. पोरीच्या नावापुढं त्याचं नाव लागलं, त्याचं आडनाव लागलं आणि त्याची जातही लागली. मी दाराशी उभी होते. मनात म्हटलं, बरं झालं, आपल्यातलं काही गेलं नाही.

परत येताना रेल्वेच्या फाटकाशी गर्दी होती. रूळ ओलांडताना त्यानं तिचं बोट धरलं आणि पलीकडं गेल्यावर सोडलं. एवढंच केलं त्या माणसानं.

पोर शाळेत रमली. दिवाळीपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचू लागली, माझ्या गिऱ्हाइकांची मापं लिहून घेऊ लागली. मग तुळशीची लग्नं झाली, माणसांची सुरू झाली आणि बँड रस्त्यावर आला. ही दप्तरासकट त्याच्या शेजारून चालू लागली. ज्या वरातीत तो, त्या वरातीत ही. शाळेतल्या पोरींना सांगायची, ते लाल कोटवाले माझे आप्पा. तो आधी हसायचा, मांडवातला लाडू तिच्या हातावर ठेवून घरी जा म्हणायचा. ती जायची नाही. एकदा वरात संपल्यावर त्याच्यामागून थेट त्याच्या घरापर्यंत गेली आणि चपला काढून आत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्या दारात. भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, आमच्या थोरलीचं लग्न ठरत आलंय, आणि पोराकडचे विचारताहेत की बापाला बाहेरचं लेकरू आहे का. शाळेत तर तसंच लिहिलंय. मी तिला आत ये म्हटलं नाही.

तो मोठ्या बाईंकडं जाऊन खरं काय ते सांगून आला. येताना माझ्याकडं थांबला. पोर आतल्या खोलीत बटणं लावत होती, म्हणून हळू बोलला. "ताई, मी एका सकाळचा बाप म्हणून आलतो. तिनं जन्माचा धरला. माझी बी पोर हाय वं लग्नाची." मी त्याच्या कोटाकडं बघत राहिले, माणसाकडं बघवेना.

मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. वाटलं, आता पोलिसात देतात. तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, बाप हवाच असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"तुम्हीच म्हणालात, बापाला घेऊन या."

"ते मी सगळ्यांनाच म्हणते. ज्याला बाप नाही त्यानं नाही म्हणून सांगायचं. सांभाळतं कोण हिला?"

"मी."

"मग पालक म्हणून तुम्ही सही करा. आडनाव लावू नका, तिच्या आईचं नाव लावू. पोरगी हुशार आहे, वर्ष बुडवू नका."

त्यांनी पेन माझ्याकडं सरकवला. पोर बाहेर व्हरांड्यात, दाराच्या अगदी समोर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते. बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत तिचं नाव ठेवते.

ह्यांना मी विचारलं. आता हे गेले, म्हणून खरं लिहिते. पुढं कितीतरी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आमच्या ह्यांनी मोडता घातला. ते जेवत होते. घास हातात धरून म्हणाले, "सांभाळतेस तू, आणि सहीला मला विचारतेस? कर की." आणि ताक मागितलं.

म्हणजे अडवणारं कुणीच नव्हतं. आणि तरी माझा हात पुढं होईना. सही केली की पोर माझी झाली. मग वेगळा तांब्या कसा ठेवायचा? कामाची गर्दी झाली की शाळा बुडवून बटणांना कशी बसवायची? न्हावऱ्याला भाऊ विचारेल, ही कोण, तर काय सांगायचं? असली मापं मी सोमवारपर्यंत काढत बसले. सोमवारी गेले नाही. मंगळवारी पोर एकटीच शाळेत गेली आणि तासाभरानं परत आली. फ्रॉक काढून घडी घातली आणि सुईत दोरा ओवला.

तिचं ते गप्प राहणं मला घरात सोसेना. शेजारणीनं सांगितलं, शिरूरला अनाथ मुलींचं वसतिगृह आहे. एका सकाळी तिला घेऊन एसटीनं निघाले. पाटस गेलं, चौफुला गेला, न्हावरे आलं. स्टँडवर भाऊच उभा होता, दुधाचे कॅन घेऊन. मी पदर तोंडावर ओढून मान खाली घातली. माझ्याच माहेरात मी चोरासारखी बसले होते, आणि पोर शेजारून माझ्याकडं बघत होती.

गाडी सुटल्यावर तिनं विचारलं, "तिथं बाप लागतो का?"

"नाही," मी म्हटलं.

वसतिगृहाच्या बाईंनी माझ्यासमोरच तिला शाळेत घालायची तजवीज केली. पालक म्हणून त्यांचीच सही, तिथल्या सगळ्या मुलींना. चहाचा कप एका हातात होता, दुसऱ्या हातानं सही करून टाकली. मी पोरीसाठी नवा फ्रॉक शिवून नेला होता, आत भरपूर कापड दुमडून ठेवलेला, वाढती पोर म्हणून. तो दिला, पुढच्या महिन्यात भेटायला येते म्हटलं आणि गेले नाही. लग्नसराईचा सीझन होता. सीझन नसायचा तेव्हा दुसरं काहीतरी असायचं.

तिला पुन्हा पाहिली ती पंधराएक वर्षांनी, शिरूरच्या एसटी स्टँडवर. न्हावऱ्याला भाच्याचं लग्न होतं, आहेर घ्यायला शिरूरला आले होते. तिनंच मला ओळखलं. "मावशी," म्हणून शेजारी येऊन बसली. गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात डबा. बारावी झाली होती. रांजणगावच्या कंपनीत लागली होती, दोन नंबरच्या शिफ्टला निघाली होती. तिनं माझी, मुलांची, सगळ्यांची चौकशी केली. चहा आणला, पैसे मला देऊ दिले नाहीत.

तिनं काही विचारलं नव्हतं. पण माझ्या पोटात ते इतकी वर्षं शिजत होतं. मी सुरू झाले. म्हटलं, बाई गं, तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आमच्या ह्यांनी ऐकलं नाही. त्या काळात एवढं सोपं नव्हतं ते, कागदपत्रं, नाव, जात, पुढची जबाबदारी. ह्यांना जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि मी हे त्यांच्यावर ढकलत होते. बोलता बोलता डोळ्याला पदरही लावला. तेही मला चांगलं जमतं.

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिची गाडी लागली तशी उठली, डबा काखेत मारला. मग काहीतरी आठवल्यासारखं मागं वळली. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. खरंच विचारावं तसं तिनं विचारलं.

"आमच्या शेजारच्या खोलीत एक बिहारी बाई ऱ्हाती, मावशी. नवरा सोडून गेलाय तिला. ती पडलीया तापानं, तवा तिच्या पोराला परवा मीच शाळेत घातलं. बाई म्हणल्या, पालक कोण? म्या म्हणलं, मी. सही केली आन् तशीच ड्युटीला गेले. एवढंच असतंय व्हय ते?"