एक अभ्रा कमी

दोरीवर निम्मे कपडे घालून झाले होते. अभ्रामावशींनी पुन्हा बादलीत हात घातला, वर आलेला पिळा उलगडला आणि तो तसाच हातात धरून त्या उभ्या राहिल्या. उशीचा पांढरा अभ्रा, कोपऱ्यात वसतिगृहाचा निळा शिक्का.

"आता विद्यापीठाची धुणीपण घरी आणायला लागलीस का गं?" दारात मटार सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या पिशवीत होता. मळका असेल म्हणून मीच टाकला बादलीत."

"मळका नव्हता, आई. चोरलेला आहे."

सासूबाईंच्या हातातला मटार निसटून थेट मोरीपर्यंत गडगडत गेला.

झालं होतं असं. मावशी अठरा वर्षं विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहात चादरींच्या खोलीवर आहेत. दर सोमवारी मळकं घ्यायचं, धुतलेलं द्यायचं. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. अभ्रामावशी म्हटलं की काल आलेली पोरगीसुद्धा खोली दाखवते. कुणी मुलगी शिक्षण सोडून जायला निघाली, तर अंथरूण-पांघरूण परत मिळालं म्हणून तिच्या फॉर्मवर मावशींची सही लागते.

शनिवारी तो फॉर्म घेऊन कोपऱ्यातल्या खोलीतली मुलगी आली. लांबच्या मुलखातली, घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिलीच. तिच्या बोलण्याची ढब वेगळी. तिने तोंड उघडलं, की जेवणाच्या टेबलावर कुणीतरी नक्कल करायची आणि बाकीच्या खो खो हसायच्या. पोरीने आधी वर्गात बोलणं सोडलं, मग टेबलावर जेवणं. आणि विद्यापीठाने दर्शनी भिंतीवर 'हे सर्वांचं घर' असं भलंमोठं पोस्टर लावलंय, त्यात मधोमध हसरा फोटो हिचाच!

विद्यापीठाने काही केलंच नाही, असं म्हणणं पाप होईल. मुलींच्या मनातलं ऐकायला समुपदेशक बाई नेमल्या. बाई गुणाच्या. पण त्यांच्या खोलीला काचेचं दार, तेही नेमकं जेवणाच्या रांगेसमोर. आत कोण जाऊन बसलंय, ते हातात ताट घेतलेल्या प्रत्येकीला दिसणार. मग कोण जातंय! बाई बिचाऱ्या दिवसभर एकट्याच.

"खरंच जातेस?" मावशींनी विचारलं होतं.

"फोटो राहू दे इथे. मी जाते," मुलगी म्हणाली.

चार शहाणपणाचे शब्द बोलावेत, तर मावशींना एकही सुचेना. हाताला अभ्रा लागला, तो गुपचूप पिशवीत गेला. "एक अभ्रा कमी आहे. शोध, सोमवारी ये," त्या म्हणाल्या. तेवढेच दोन दिवस मिळतील, पोरीचं मन बदलेल, असं त्यांना वाटलं. पण पोरीचा चेहरा एवढासा झाला.

"मी दोन्ही अभ्रे दिलेत, मावशी. तुम्हीसुद्धा?"

ते 'तुम्हीसुद्धा' आज रविवारी प्रार्थनेला बसल्यावरही पाठ सोडेना. भलं करण्याच्या नादात मावशींनी त्या पोरीलाच खोटं पाडलं होतं.

सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग आभाळाकडे काय बघतेस? देवाला ठाऊक आहे. सांगायचं राहिलंय ते पोरीला. जा, कपडे कुठे पळून जात नाहीत."

मावशी ओला अभ्रा घेऊन तशाच वसतिगृहावर गेल्या. मुलगी उघड्या गादीवर बसून पुस्तकं खोक्यात भरत होती.

"हा मीच लपवला होता," मावशी दारातूनच म्हणाल्या. "तू खरी, मी खोटी. आण तो फॉर्म."

"पण का?"

"तू जाऊ नयेस म्हणून. दुसरं काही सुचलंच नाही बघ."

"मी कपाट सरकवून शोधला, मावशी! मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

"चुकलं गं माझं," म्हणत मावशींनी मान खाली घालून सही केली. मग हळूच म्हणाल्या, "आज झोपणार कशावर? चल, चादर देते."

चादरींच्या खोलीत घड्या घालायचा ढीग पडला होता. एक टोक मुलीने धरलं, दुसरं मावशींनी. जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा लांब जायचं. चौथ्या चादरीला मुलगी बोलायला लागली, आपल्या ढबीत, न थांबता. मध्येच जेवणाच्या टेबलावरची एक मुलगी ब्लँकेट मागायला आली, घेऊन गेली. ही इथे का, असा प्रश्नही तिला पडला नाही. चादरींच्या खोलीत तर सगळ्याच येतात. मावशींचे हात घडीवरच थांबले.

ढीग संपल्यावर मुलीने फॉर्म फडताळात चादरींखाली सरकवला. "आठवडाभर इथे ठेवते. पण माझं काही ठरलेलं नाही हं."

"नको ठरवूस."

"आणि परत खोटं बोलायचं नाही."

"नाही बाई," म्हणत मावशींनी दोन्ही कान पकडले. पोरगी फिसकन हसली.

घरी निम्मे कपडे तसेच होते. ते वाळत घालायचे. आणि उद्या सकाळी पहिलं काम, समुपदेशक बाईंकडे जाऊन त्यांची खुर्ची चादरींच्या खोलीत आणायची.