कापलेले शनिवार

मेडशीत मला धक्का देऊ शकेल असं माणूस आता एकच उरलं आहे, आणि ते माझ्याच ओसरीपलीकडच्या खोलीत भाड्याने राहतं. बाकीचं गाव मी पाहून ठेवलं आहे. कोण कोणाशी भांडलं, कोणाची सून माहेरी गेली, कोणाची तूर जळाली, यात मला नवल वाटावं असं काही राहिलेलं नाही. पण ही बाई सकाळी दार उघडते आणि माझा राखुंडीचा हात तोंडातच थांबतो. एकदा तिच्यामागून गाईचं वासरू बाहेर आलं. त्याची आई मेली, गोठ्यात एकटं ओरडत होतं, म्हणून रात्री खोलीत आणून निजवलं म्हणे, स्वतःच्या चादरीवर.

ती जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. वय बेचाळीस, लग्न नाही, एक भाऊ अमरावतीला. पाच वर्षांपूर्वी एक ट्रंक, एक स्कूटी आणि म्हशीला औषध पाजायचा बांबूचा नळा घेऊन आली. मी विचारलं, घरी कोण कोण असतं. तिने विचारलं, गोठ्यात कोण कोण असतं. माणसांची नावं तिच्या डोक्यात राहत नाहीत, जनावरं राहतात. गावातला मोठा माणूस तिच्या लेखी एक शिंग मोडलेल्या गाईवाला. माझी ओळख ती लोकांना लाथाळ शेळीवाली मावशी अशी करून देते. शेळी मी दोन वर्षांपूर्वी विकली. लाथा माझ्या नावावर राहिल्या.

रविवारी सुट्टी असली की ही बाई नवी साडी नेसून स्कूटीवर जऊळक्याच्या स्टेशनवर जाते. आधी मला वाटलं कोणी पाहुणा येत असेल. मग वाटलं, काही भानगड असेल. शेवटी मी एका रविवारी मागे बसून गेले. गाडी आली. ही उठली, फलाटावरून सगळ्या डब्यांना हात हलवला, गाडी गेली, ही बसली आणि पिशवीतून शेंगदाणे काढले. कोण गेलं म्हणून विचारलं, तर म्हणाली कोणीच नाही. ज्यांना पोचवायला कोणी आलं नसेल त्यांच्यासाठी आपण जायचं. मी तिला येताना रस्ताभर बोलले. ती पुढे तोंड करून स्कूटी चालवत होती, आणि मला आरशात दिसलं, हसत होती.

तिला स्थळही आलं होतं, गेल्या उन्हाळ्यात, इंझोरीचं. माझ्या लेकीनेच सुचवलं, कारण लेक तिथेच दिली आहे. विधुर माणूस, वीस एकर ओलिताचं शेत, बोलायला गोड. आम्ही पाहायला गेलो. चहा येईपर्यंत ही उठून गोठ्यात गेली ती अर्धा तास आलीच नाही. मी शोधायला गेले, तर बैलाच्या मानेवर हात ठेवून उभी. जुवाने मान सोलली होती आणि वर माशा बसत होत्या. तिने तिथेच मलम लावलं, हात धुतले आणि चपला घातल्या. दारात त्या माणसाला सांगितलं, "मानेले आठ दिवस जू लावू नका. आन माह्या उत्तराची वाट पाहू नका." मला भुईत शिरावंसं वाटलं. वीस एकर ओलीत.

तर ही बाई राहील की जाईल, हे दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी ठरतं. भाऊ अमरावतीला बोलावतो. बदलीचा अर्ज तिच्या ट्रंकेत भरून तयार असतो, फक्त सही नसते. आणि भिंतीवर मालेगावच्या कापडवाल्या शेठजींनी दिवाळीला दिलेलं कॅलेंडर असतं. त्यावर ती रोज, तारखेच्या चौकटीत मावेल एवढंच, मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी लिहिते. शेवटच्या दिवशी कॅलेंडर मांडीवर घेऊन सगळं साल वाचते. साल बरं गेलं असेल तर अर्ज परत ट्रंकेत, नाही तर सही. मी एकदा म्हटलं, असं कोणी ठरवतं का, देवाला कौल लावावा. ती म्हणाली, देवाला मेडशीत राहायचं नाही, मला राहायचं आहे.

आता माझं ऐका. सबंध आळीची जुनी कॅलेंडरं माझ्याकडे येतात. कागद जाड असतो. मी ती भांड्यांच्या मांडणीच्या खणांत अंथरते आणि पुढची कड कात्रीने दातेरी कापून झालर सोडते. माझ्या मांडणीची झालर बघायला बाया येतात. गेल्या एकतीस डिसेंबरला दुपारी ही बाई गुंडाळलेलं कॅलेंडर घेऊन वाचायला ओसरीतल्या खाटेवर बसली, तेवढ्यात कोणाची तरी म्हैस अडली म्हणून बोलावणं आलं. ती नळा घेऊन पळाली. खाटेवर गुंडाळी. मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवली. चार वाजेपर्यंत बाराही महिने सहा खणांत बसले होते, वर ताटं-वाट्या मांडून झाल्या होत्या, आणि कातरण पाणी तापवायच्या चुलीत गेलं होतं.

संध्याकाळी ती आली. हात कोपरापर्यंत माखलेले, म्हैस सुटली म्हणून तोंडावर आनंद. खाट पाहिली. उशी उचलली. खाली वाकून पाहिलं.

"मावशी, माहं साल कुठं गेलं?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "मांडणीत हाये," मी म्हटलं. "वर भांडे हायेत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हात धुतले आणि एकेक ताट उतरवायला लागली. मीही उतरवलं. बारा पानं जमिनीवर मांडली. जूनवर लोणच्याच्या बरणीचा तेलकट गोल उमटला होता. आमच्या कॅलेंडरात रविवार वर आणि शनिवार सगळ्यात खाली असतो. खालची कड मी कापलेली. वर्षातले सगळे शनिवार चुलीत गेले होते.

ती उरलेलं वाचायला लागली आणि मी ऐकत बसले. मी चार वर्गच शिकले, पण ऐकायला वर्ग लागत नाही. सात जानेवारी, मावशीचं भरीत फार तिखट, छान आहे म्हटलं. मी पाच वर्षं तिला ते भरीत देते आहे. मग काही तारखांना लाल शाईचं कडं दिसलं, जसं सणाला असतं. मी विचारलं, हे कोणते सण. तिने वाचलं, "मावशी रागावली." दुसरं कडं, "मावशी रागावली." मार्चमध्ये नऊ कडी. मी म्हटलं, माझं रागावणं हा काय सण आहे का. ती म्हणाली, आहे.

ऑगस्टमध्ये, कापलेले शनिवार सोडून, अकरा चौकटी ओळीने रिकाम्या होत्या, प्रत्येकीत नुसता एक ठिपका. मी विचारलं. कोणी बोललं नाही त्या दिवशी ठिपका, ती म्हणाली. दवाखान्यात बोलत असतील ना. तिथे जनावराबद्दल बोलतात. मी हिशोब लावला. ते सगळे दिवस मी इंझोरीला लेकीकडे होते आणि लेकीच्या जाऊबाईशी मनसोक्त भांडत होते.

ती पानं गोळा करून म्हणाली, "शनिवारच नाहीत, तं आता ठरवू कसं?"

मी म्हटलं, शनिवार मले इचार. आणि सांगत गेले. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी तू गार पाण्याने डोकं धुतलंस आणि मी बोलले. वासरू आणलंस तो शनिवार. स्थळाहून परत आलो तो शनिवार, तू पूर्ण चार भाकरी खाल्ल्यास. पुरात नाल्याकाठी स्कूटी सोडून कमरेपर्यंत चिखलात आलीस तो शनिवार. माझं मलाच कळेना, हे सगळं मी कधी ठेवून घेतलं. मी कोणाचे शनिवार ठेवणारी बाई नाही. ऑक्टोबरच्या शनिवारी तुला ताप होता, खिचडी केली. आणि तापात तू मला तीनदा आई म्हणून हाक मारलीस. दोनदा मी ओ दिली नाही.

तिने विचारलं, "आन तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा देली. कायले उगंच वरडू द्याचं तुले."

ती उठून खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा हातात अर्ज होता, भरलेलाच, सहीविना. म्हणाली, महिने मी घेऊन जाते, तुमची मांडणी उघडी पडेल, हा घ्या तोवर. सरकारी कागद पातळ असतो. एका खणालाही पुरला नाही. लोणच्याच्या बरणीखाली बसला.

नवं कॅलेंडर तिने लावलं आहे. रविवार ते शुक्रवार मुंगीएवढी अक्षरं चाललेली असतात. शनिवारची ओळ मात्र ती रिकामी सोडते. मी विचारलं, काहून वं. म्हणाली, ते तुमच्यापाशी. माझं वय पाहता हे काम तिने मला द्यायला नको होतं. चष्मा कुठे ठेवला ते मला दुपारपर्यंत आठवत नाही. पण शनिवार आला की मी सकाळपासून तिच्या दाराकडे बघत बसते, आणि रात्री पडल्यावर तो दिवस एकदा मनाशी म्हणून घेते.