कुडाचा आडोसा

साठच्या दशकात बोईसर-तारापूरकडे मोठी बांधकामं निघाली, तेव्हा मी साताऱ्याहून येऊन एका ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागलो. काम काँक्रीटचं असेल असं वाटलं होतं. माझ्या वाट्याला आले मजुरांचे संडास.

झालं असं, की एक गवंडी संडासात विडी ओढत बसला आणि गोणपाटाचा आडोसा पेटला. तो धोतर सावरत पळाला, भाजलं कोणालाच नाही. पण इंजिनियरसाहेबांनी सगळी गोणपाटं उतरवायला लावली, बायकांकडचीसुद्धा. आगीच्या परीक्षेत टिकेल तोच आडोसा लागेल, असा हुकूम निघाला. पुरुषांचं काय, ते कुठेही जातात. बायका मात्र दिवसभर पाणी पिईनाशा झाल्या आणि अंधार पडायची वाट बघू लागल्या.

मी प्लायवूडचा तुकडा मागवला, आणि कामावरच्या एका वारली बाईला कारवीच्या काठ्यांचा कूड विणून आणायला सांगितलं. वर काही लावू नकोस, असं दोनदा बजावलं. परीक्षा सोपी होती: ब्लो-लॅम्पची ज्योत पाच मिनिटं धरायची आणि घड्याळ बघायचं. प्लायवूडने लगेच पेट घेतला. कूड नुसता काळवंडला. मी साहेबांसमोरच टाळी वाजवली.

साहेबांनी कूड नखाने खरवडला. "हे काय लावलंय?"

दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपलेली होती, तीही अगदी हात गुळगुळीत फिरवून; घड्याळाच्या नादात मी कूड नीट पाहिलाच नव्हता. मी बाईवर ओरडलो.

"उगड्या काठ्या कशा आनू, साहेब?" ती म्हणाली. "बिनलिंपलेली भिंत कोन देतंय कोनाला?"

साहेब म्हणाले, परीक्षा कारवीची आहे, शेणाची नाही, खरवडून काढा. मी म्हटलं, पण वापरताना तो लिंपलेलाच असणार ना? ते म्हणाले, लिंपण गळून पडलं तर? त्यांचंही खरं होतं, माझंही खरं होतं. मी खरवडलं. उघडी कारवी बघता बघता भडकली.

"मंग आमी आत कवा जायाचा?" बाईने विचारलं.

"मुंबईहून दुसरा माल आला की."

"तवर?"

मी तिलाच झापलं. सांगितलेलं ऐकायला काय होतं तुला? ऐकलं असतं तरी कूड जळलाच असता, हे मला घरी परतताना सुचलं. मग मी चिडलो होतो कशावर?

संध्याकाळी भाड्याच्या खोलीत रिपोर्ट लिहायला बसलो. खोलीची भिंत कुडाचीच, घरमालकीणबाईंनी सणासुदीला लिंपलेली. तिच्यावरच्या खुंटीला माझा कंदील रोज टांगलेला असे. मागे काजळीचा मोठा डाग पडला होता, बाकी भिंतीला काही झालेलं नव्हतं. त्याच कंदिलाच्या उजेडात मी 'कूड: नापास' लिहिलं आणि खाली सही केली. मला लाज वाटली, तरी खोडलं नाही.

बाहेर अंधार पडला होता. बायका टमरेलं घेऊन रांगेने खाडीकाठच्या खाजणाकडे निघाल्या होत्या, आणि कूड विणणारी त्यांच्यातच होती.