बांगड्यांचे डोळे पांढरे झाले

तुमच्यापैकी जे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करतात, त्यांनी जरा वाचावं. सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

उद्या कुडाळात आमच्या ग्रुपचं प्रदर्शन आहे. त्यात माझा एकच फोटो, वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासे विकणाऱ्या शेवंतीकाकीचा. कॉन्ट्रास्ट सणसणीत वाढवला होता. चेहऱ्यावरची एकूण एक सुरकुती उठून आली. मीच माझ्यावर खूश!

आज प्रिंट तिला दाखवायला नेली. तिने स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलंही नाही. फोटोतल्या पाटीतल्या बांगड्यांवर बोट ठेवलं.

"झिला, ह्येंचे डोळे पांढरे कशे? मी शिळे मासे इकतंय? लोक काय म्हणतले?"

"काकी, लोक तुजो चेरो बगतले."

"चेरो कसोव दिसांदे. मासो शिळो दिसाक नको!"

घरी येऊन मूळ फोटो उघडला. तिचंच खरं. डोळे काळेभोर होते. त्यांच्यावरची बारीकशी चकाकी माझ्या कॉन्ट्रास्टने पांढरीफटक होऊन डोळाभर पसरली होती.

कॉन्ट्रास्ट उतरवून दुसरी प्रिंट काढली. बांगडे ताजे झाले, पण सुरकुत्या विरल्या आणि फोटो मिळमिळीत झाला. नुसते डोळे काळे करून बघितले, तर ते रंगवल्यासारखे दिसतात.

आता दोन्ही प्रिंट समोर आहेत. पहिलीला तुम्ही दाद द्याल. दुसरीतले बांगडे काकी विकू शकेल. कुठली टांगू? माझं मन अजून पहिलीवरच आहे, म्हणून तर विचारतोय.

लवकर सांगा. निघताना काकीने बजावलंय, "उद्या येतंय बगूक."